कोनले देऊ?

माणसाला आपली देणी साधारणपणे ठाऊक असतात. कॉलेजची फी कुणी भरली, आजारपणात रात्रभर कोण बसलं, पहिल्या नोकरीसाठी शब्द कुणी टाकला, सगळं लक्षात असतं. माझ्यावरचं सर्वांत जुनं देणं मात्र ज्या वर्षांतलं आहे, त्या वर्षांतलं मला काहीच आठवत नाही. तसं ते कुणालाच आठवत नाही. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या मागे जात नाही, आणि भाषेचं व्याकरण तर त्याच्या कितीतरी आधी डोक्यात बसायला लागतं. ते ज्यांनी दिलं, त्यांची तेव्हाची नोंद आपल्याजवळ राहतच नाही. माझ्या बाबतीत ते माणूस सापडलं, कारण माझ्यामागून आलेल्या पोरांना ती तेच देत होती आणि तोवर मला बघायचं वय आलं होतं.

आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. नात्यानं ती आमची कुणी नव्हती. सारंगखेड्यात आमच्या शेजारी धाब्याचं घर, पुढे ओटा, ओट्यावर बाज. बायका निंदणीला, कापूस वेचायला गेल्या की गल्लीतली लहान पोरं तिच्या ओट्यावर. माझी आईही मला तिथेच ठेवून शेतात जायची. मोठी माय निरक्षर होती. पोरं सांभाळायचे पैसे घेत नसे. कुणी शेंगा आणून दे, कुणी दादर ज्वारी, कुणी नुसतंच हसून पोरगं उचलून ने.

सारंगखेडा म्हटलं की लोकांना घोडे आठवतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठच्या या गावात मारवाड, काठियावाड, पंजाबकडचे घोडे उतरतात. गेल्या काही वर्षांत चेतक फेस्टिव्हल नावानं तिथे तंबू आणि दिव्यांचा थाटही असतो. मला त्या यात्रेतलं सगळ्यात जास्त आठवतं ते म्हणजे कानावर पडणारं बोलणं. एरवीही आमच्याकडे अहिराणी, गुजरी, भिली, शाळेतली मराठी अशी सरमिसळ होतीच. यात्रेत तिच्यात मारवाडी, पंजाबी, हिंदी मिसळायची. मोठी माय मात्र यात्रेतही अहिराणीच बोलायची. राजस्थानच्या व्यापाऱ्याशीसुद्धा. त्याला कळायचंही, हे विशेष.

तिचा एक खेळ होता. ओट्यावर जेमतेम पाय टाकायला लागलेलं पोर असलं की त्याच्या हातात गुळाचा खडा द्यायची आणि म्हणायची, ‘तुना भाऊले दे.’ पोर दोन्हीकडे बघायचं आणि बरोबर भावाकडे जायचं. जरा मोठं असेल तर मुद्दाम अर्धंच बोलायची. ‘दे’ एवढंच. मग पोर विचारायचं, ‘कोनले देऊ?’ ‘मांजरले दे.’ हशा. ‘देवले दे.’ पोर कोनाड्याकडे. ज्या पोराला अजून स्वतःचं धड दोन शब्दांचं वाक्य येत नव्हतं, त्याला कुणाला द्यायचं ते कळत होतं. त्या ‘ले’वरून कळत होतं.

खेळाची दुसरी पायरी खरी खट्याळ होती. ‘मांजरले भाकर दे’ असं दोन-चारदा झालं की ती सूर तोच ठेवून म्हणायची, ‘मांजर भाकरले दे.’ शब्द तेच, क्रमही तोच. फक्त ‘ले’ एका शब्दावरून उठून पुढच्या शब्दावर बसला. पोरं थबकायची. मोठी खिदळायची, आणि बारकी, बोटभर, अजून झोळीतून नुकतीच उतरलेली, तीसुद्धा हातातली भाकर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहायची. काहीतरी चुकलंय हे त्यांना समजलेलं असायचं. काय चुकलं ते सांगता येणं शक्यच नव्हतं.

लहानपणी मला हा खेळ वाटला. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकायला गेले आणि हाच खेळ टोपी-तारांसकट पुस्तकात भेटला.

१९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी कॅलिफोर्नियात माणसांच्या डोक्याला विद्युतग्राहक लावून त्यांना वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट भलताच होता; पावाला लोण्याऐवजी मोजे फासल्यासारखा. तो विचित्र शब्द आला की साधारण चारशे मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरीत एक ठळक ऋण दिशेचा चढ यायचा. त्याचं नाव पडलं एन४००. अर्थ बसला नाही की तो दिसतो. बारा वर्षांनी, १९९२ मध्ये, ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होलकोम्ब यांनी दुसरी खूण मांडली. शब्द अर्थानं ठीक, पण वाक्याच्या बांधणीत बसत नाही, अशा ठिकाणी सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास धन दिशेची लहर येते. ती पी६००. या लहरी काही मायक्रोव्होल्टच्याच असतात. एका वाक्यावरून काही दिसत नाही. डझनावारी वाक्यं ऐकवून सरासरी काढावी लागते. दोन वर्षांच्या पोराला टोपी घालून तितका वेळ बसवणं म्हणजे काय, हे ज्यानं पोर सांभाळलंय त्यालाच कळेल. मुलांवरचा असा शोधनिबंध वाचताना मी पहिल्यांदा कौतुक केलं ते आकडेमोडीचं नाही, त्या बसवणाऱ्यांचं.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत अँगेला फ्रीडेरिची यांच्या गटानं ते करून दाखवलं. पोरांना ऐकवलेली वाक्यं सोपी होती. सिंह डरकाळी फोडतो, सिंह प्राणिसंग्रहालयात डरकाळी फोडतो, आणि मग तिसरं, मोडकं: जर्मनमध्ये ‘आत’ या अर्थाचा शब्द नामाच्या आधी येतो, तो शब्द ठेवायचा आणि पुढचं नाम गाळून थेट क्रियापद आणायचं. दोन वर्षांच्या मुलांमध्ये या मोडक्या वाक्याला उशिराची, पी६०० जातीची लहर दिसली. अडीच वर्षं ओलांडलेल्यांत तिच्याआधी येणारी, मोठ्या माणसांत दिसते तशी लवकरची ऋण लहरही दिसली. मोठ्यांपेक्षा जरा सावकाश, पण होती. म्हणजे ‘मम्मी पाणी’ एवढंच बोलणाऱ्या पोराचा मेंदू बांधणीतली खोट पकडतो.

ओट्यावरचं ते थबकणं मला तेव्हा डोळ्यासमोर दिसलं. मोठ्या मायनं फक्त ‘ले’ हलवला होता. अर्थाचे शब्द एकही बदलले नव्हते. मी ज्या प्रयोगांना पुढे नमस्कार केला, त्यांतल्या कित्येकांत एवढी नेटकी जोडी नसते.

त्या दिवसांत एका प्राध्यापकांनी आम्हाला मीमांसकांचं एक जुनं उदाहरण सांगितलं. मूल भाषा कशी शिकतं? एक वडीलधारा दुसऱ्याला सांगतो, गाय आण. तो आणतो. शेजारी बसलेलं मूल बघतं. सगळं वाक्य त्याच्या दृष्टीनं एकच गोळा. मग वडीलधारा म्हणतो, घोडा आण. मग, गाय बांध. एक शब्द निघाला, दुसरा आला, आणि समोरच्या माणसाच्या हातून घडलेलं कामही बदललं. या काढण्याघालण्यातून, ज्याला ते आवाप-उद्वाप म्हणतात, मुलाला शब्द सुटे होतात. यावरून पुढे दोन तट पडले. कुमारिल भट्टांचं म्हणणं, शब्द आपापला अर्थ आधी सांगतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो. प्रभाकरांचं म्हणणं, शब्द अर्थ सांगतो तोच मुळी दुसऱ्याशी जोडलेला असताना. वर्गात बाकीचे टिपणं घेत होते. मला त्या उदाहरणातला घोडा मात्र सारंगखेड्याच्या यात्रेतला दिसत होता: कुणी ओरडतंय घोडा सोड, कुणी घोडा फिरव, कुणी घोडी बांध, आणि बाजेवर बसलेलं शेंबडं पोर सगळं कानात भरतंय.

या वादात मी प्रभाकरांच्या बाजूला झुकते, निदान लहान मुलांपुरती. लाइपझिगमधूनच २०१४ मध्ये मिखाएल स्काइडे आणि सहकाऱ्यांनी तीन-चार, सहा-सात आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन मांडले. धाकट्या मुलांत वाक्याचा अर्थ लावणं आणि बांधणी सोडवणं ही दोन कामं कानशिलामागच्या भागात एकमेकांत गुंतलेली दिसतात. ती वेगळी व्हायला नऊ-दहा वर्षांचं वय उजाडतं. कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडं खाली, ब्रोकाचा भाग असतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली बोलणं हरपलेल्या रुग्णाच्या मेंदूवरून तो दाखवला. मोठ्या माणसांत गुंतागुंतीची वाक्यरचना सोडवण्याचं बरंच काम तिथे होतं. कानाकडून या भागाकडे येणारा तंतूंचा एक जाड मार्ग आहे. २०११ मध्ये डॅनिएला पेरानी आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांच्या बाळांत पाहिलं, तर ऐकण्याच्या भागातून उच्चाराच्या हालचालींकडे जाणारी शाखा जन्मतःच आहे, ब्रोकाकडे जाणारी मात्र दिसत नाही. सातव्या वर्षीही ती मोठ्यांइतकी पक्की नसते. तोपर्यंत पोर वाक्याची बांधणी आणि अर्थ एकाच हातानं सोडवत असतं. कोण देतंय, कुणाला, त्या माणसाचा स्वभाव काय, मांजराला भाकर चालते की नाही, हे सगळं एकत्र.

मोठ्या मायच्या बोलण्याचं मोल मला असं उशिरा कळलं. ती पोरांशी पूर्ण बोलायची. ‘मम्’, ‘भूर’ असलं बोबडं तिला वर्ज्य नव्हतं. लाडानं सूर लांबवणं तर भरपूर होतं, आणि त्या लांबवलेल्या सुराचा बाळाला उपयोगच होतो. पण शब्दाची शेपटी ती कधी तोडत नसे. चार महिन्यांच्या बाळाला अंघोळ घालताना सगळं सांगायची: पाणी कुठून आणलं, कुणी आणलं, कुणाला उरलं. उत्तराची वाट बघायची, तेवढ्यात पाय चोळायची, आणि पुढचं वाक्य. उत्तर देणारं माणूस समोर आहे असं धरून.

बाळाच्या कानाला एवढं पुरतं? त्याहून कमीही पुरतं. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲसलिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. तेवढ्यात कोणतं अक्षर कोणत्या अक्षरामागे हटकून येतं याचा हिशेब त्यांनी धरला होता. मात्र हिशेब लावायला माणूस लागतं. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसवली. बाळांनी त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकून घेतले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा काही झालं नाही. गावाकडे आता रडणाऱ्या पोरासमोर मोबाईल धरतात तेव्हा मला हे बोलून दाखवावंसं वाटतं, आणि मी गप्प बसते, कारण धरणारी आई सकाळपासून पपईच्या बागेत राबून आलेली असते.

‘ले’ची गोष्ट जरा पुढे न्यायला हवी. डॅन स्लोबिन आणि थॉमस बेव्हर यांनी १९८२ मध्ये चार भाषांतली मुलं तपासली. प्राण्यांची खेळणी द्यायची आणि वाक्य ऐकवून कुणी कुणाला काय केलं ते करून दाखवायला सांगायचं. तुर्की मुलं दोन वर्षांची असतानाच शब्द कसेही उलटेपालटे केले तरी प्रत्ययावरून बरोबर करून दाखवत. जर्मन मुलांना मात्र, पुढच्या एका अभ्यासात दिसलं, कर्म आधी आलेलं वाक्य केवळ विभक्तीवरून सोडवायला सातवं वर्ष लागतं. जर्मनमध्ये विभक्ती बरीचशी नामाआधीच्या उपपदात लपते आणि ती उपपदं एकमेकांसारखी दिसतात. तुर्कीचा प्रत्यय स्वच्छ ऐकू येतो, शब्दाच्या टोकाला.

आमची अहिराणी या बाबतीत तुर्कीची शेजारीण आहे, असं माझं मत. घोडा, घोडाले. माय, मायले. मूळ शब्द फारसा हलत नाही, टोकाला ‘ले’. प्रमाण मराठीत पोराला आधी सामान्यरूप ओलांडावं लागतं: घोडा असतो, पण घोड्याला, एक असेल तर ला, अनेक असले की ना. त्यातून भूतकाळ आला की आणखी गंमत. तो आंबा खातो, ती आंबा खाते. पण त्यानं आंबा खाल्ला आणि तिनंही आंबा खाल्लाच, कारण आता क्रियापद आंब्याच्या मागे गेलं. आणि ‘मी’ला तो ‘ने’ लागतच नाही. हे कुठल्या मराठी आईनं कुठल्या पोराला समजावून सांगितलंय? तरी शाळेत पाऊल टाकण्याआधी ते येतं. मध्ये काही दिवस पोरं ‘मी करलं’ म्हणतात. ती चूक ऐकून मला नेहमी आनंद होतो. ‘करलं’ त्यांना कुणी ऐकवलेलं नसतं. नियम हाती लागल्याशिवाय तशी चूक होत नाही. जीन बर्को यांनी १९५८ साली एका काल्पनिक पक्ष्याला बनावट नाव देऊन इंग्रजी बोलणाऱ्या मुलांकडून त्याचं अनेकवचन काढून घेतलं, तेही यासाठीच. आमच्या गावात त्यासाठी पक्षी काढावा लागत नाही. यात्रेत ड्रोन उडाला त्याच दिवशी पोरं ‘ड्रोनले दख’ म्हणत होती.

ग्रीअरसननं १९०७ साली भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिली भाषांसोबत बसवलं. ती मराठीची बोली की गुजरातीच्या अंगानं जाणारी, यावर तेव्हापासून मतं आहेत. भांडणाऱ्यांना भांडू द्यावं. पोरांना त्यानं फरक पडत नाही. त्यांना फरक पडतो तो शाळेत. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. पहिलीत मी ‘शाया’ म्हटलं तेव्हा एका बाईंनी मला उभं केलं होतं. मी घाबरून बरेच दिवस तोंडच उघडलं नाही, आणि बाईंनी आईला सांगितलं की मुलीला भाषा कमी समजते. मोठ्या मायला हे कळलं. ती भांडायला गेली नाही. संध्याकाळी मला ओट्यावर बसवून म्हणाली, ‘काय वं, तुले समजस ना?’ मी मान हलवली. ‘मंग झायं,’ म्हणाली, आणि शेंगा फोडायला लागली.

एवढंच. पण आज अंगणवाडीताईंच्या प्रशिक्षणात मला हेच सांगावं लागतं, फक्त लांबण लावून: बोलणं मागे असलं तरी समजणं पुढे गेलेलं असतं, पोर गप्प आहे म्हणून त्याच्याशी तुटक बोलू नका, घरच्या भाषेत पूर्ण वाक्यं बोला, भिली असो, पावरी असो. ताया ऐकून घेतात. एकीनं विचारलं होतं, ‘मॅडम, हे तुम्ही कुठे शिकल्या?’ मी लाइपझिगचं नाव घेतलं. प्रशिक्षणात परदेशी नाव घेतलं की वजन पडतं, हे मलाही कळतं. ओट्याचं मी चहाच्या वेळी सांगितलं.

मोठी माय गेली तेव्हा मी पुण्यात होते. तिच्या हयातीत मी एकदा तिला त्या टोप्यांबद्दल सांगितलं होतं, की तिकडे पोरांच्या डोक्याला तारा लावून बघतात, वाक्य चुकलं तर समजतं का. तिनं लक्ष देऊन ऐकलं. टोपी टोचते का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

आता घरात भाचा आहे, दोन वर्षांचा, पुण्यात. मी गेले की त्याच्याशी अहिराणी बोलते. वहिनी अमरावतीची. तिला भीती, की घरात मराठी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी, त्यात माझी अहिराणी, पोर गोंधळेल. मी तिला म्हटलं, तुझी आई त्याच्याशी काय बोलते? तिची आई वऱ्हाडी बोलते, आणि वऱ्हाडीतही ‘मले, तुले’च आहे. म्हणजे आजीकडून आणि माझ्याकडून त्याला ‘ले’ मिळतो आणि आई-बापाकडून ‘ला’. कुणाकडे काय बोलायचं याची वाटणी त्याची त्यानं केलीय. वहिनीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, तो माणूस बघून नक्कल करतो, समजत काही नाही. आमचा हा वाद जेवताना चालतो आणि माझा भाऊ त्यात पडत नाही.

परवा वहिनीशी फोनवर बोलत होते. मागून भाचा ओरडला, ‘आत्याले दे, माले नको.’ खेळण्यातला घोडा होता म्हणे, तो फोनमधून माझ्याकडे पाठवायचा होता. वहिनी म्हणाली, बघ, तुझ्यामुळे आता हा प्लेग्रुपमध्येही ‘माले’ म्हणतो, आणि पुढची दहा मिनिटं मला सुनावत राहिली, तीही अस्सल वऱ्हाडीत.